वेणूच्या दूर्वा

एकदा एक म्हातारा शिष्य आपल्याहून म्हाताऱ्या गुरूकडे राहायला आला. शिष्य म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेंडीवाला कोवळा बटू उभा राहतो. ह्याचे तसे नव्हते. ह्याला अठ्ठावन्न पुरी झाली होती, गुडघे बोलू लागले होते, आणि सोबत सामान म्हणून एक ट्रंक आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले मातीचे एक ढेकूळ एवढेच होते. ट्रंक कुठे ठेवू, हे त्याने विचारले नाही. ढेकूळ कुठे लावू, हे मात्र पाय धुण्याआधी विचारले.

त्रिंबक हे त्याचे नाव. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याने तीस वर्षे कंपाउंडरकी केली. लाल-पिवळी औषधे बाटलीत भरायची, कागदाची कातरलेली पट्टी बाटलीला चिकटवून डोसाच्या खुणा दाखवायच्या, आणि ‘सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवणानंतर’ असे खिडकीतून ओरडून सांगायचे, हा त्याचा जन्माचा उद्योग. त्याच्या हातचा डोस कधी थेंबभरही चुकला नाही, आणि ह्या गोष्टीचा त्याला योग्य तेवढा, म्हणजे जरा जास्तच, अभिमान होता. जगातल्या प्रत्येक दुखण्याला डोस असतो आणि तो वेळच्या वेळी गेला पाहिजे, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. तीस वर्षे ते उत्तम चालले. मग त्याची बायको वेणू अंथरुणाला खिळली, दोन वर्षे खिळून राहिली, आणि सगळे डोस वेळच्या वेळी जाऊनही गेली.

मूलबाळ नव्हते. वर्षभर तो त्या घरात एकटा राहिला आणि मग घर पुतण्याच्या हवाली करून निघाला. अंगणात तुळशीवृंदावनाच्या पायाशी वेणूने हातभर जागेत दूर्वा राखल्या होत्या. दर संकष्टीला ती त्यांतल्या तीन पानांच्या निवडून एकवीस खुडायची. निघण्याच्या दिवशी त्रिंबकाने खुरप्याने तेवढा तुकडा मुळांसकट उचलला. वेणूच्या हाताने लावलेले आणि अजून जिवंत असलेले असे जगात तेवढेच उरले होते. साड्या होत्या, भांडी होती. पण ती काही वाढत नाहीत.

ज्यांच्याकडे तो आला, ते एका टेकडीवर गणपतीचे लहानसे देऊळ सांभाळून राहत. वय ऐंशीच्या पुढे. पूर्वी ते कुठल्याशा शेतकी शाळेत शिकवत असत असे लोक म्हणत. ते स्वतः त्याबद्दल काही म्हणत नसत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. कोणी शांतीच्या शोधात आला तर ते त्याला मंत्र देत नसत, काम देत. एकाला पाणी भरायला दिले होते, एकाला समया घासायला. “वेणूच्या हातच्या दूर्वा आहेत,” एवढेच त्रिंबकाने सांगितले. ढेकूळ त्यांनी हातात घेऊन पाहिले आणि देवळाच्या उत्तरेची, भिंतीच्या सावलीतली उताराची पट्टी त्याला दाखवली.

“इथे लाव. आणि इथलंच काम कर.”

“सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालीन,” त्रिंबक म्हणाला.

“दूर्वांना विचारून घाल,” गुरुजी म्हणाले.

त्रिंबकाला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे.

दूर्वा म्हणजे आपली हरळीच. पसरणे हा तिचा धर्म. पेरापेराला मुळे फुटतात आणि जिथे टेकेल तिथे ती घर करते. हातभराची घोंगडीएवढी झाली, घोंगडीएवढीची खळ्याएवढी, आणि दोन वर्षांत भिंतीपासून उताराच्या टोकापर्यंत सगळी पट्टी हिरवीगार झाली. दर चतुर्थीला त्रिंबक पहाटे उठून एकवीस एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधी आणि देवळाच्या पायरीवर ठेवी. लोक त्या देवाला वाहात. देवाच्या मस्तकावर त्या पाहिल्या की त्याला वाटे, वेणूच आत जाऊन बसली आहे. त्या दिवशी तो नीट जेवत असे.

आणि मग त्याच्या हातून ती चूक झाली, जी भाविक माणसाच्याच हातून होऊ शकते.

देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला गोमुख होते. गाभाऱ्यात देवावर अभिषेक झाला की ते तीर्थ गोमुखातून बाहेर येई आणि दगडी पन्हाळीने खाली कातळावर वाहून जाई. दूध, दही, तूप, मध, साखर असे पंचामृत, आणि मागून घागरींनी पाणी. एवढे पवित्र तीर्थ कातळावर वाया जावे, हे त्रिंबकाला सहन होईना. त्याने कुदळ घेतली, पन्हाळ फोडली, आणि चर खणून ते सगळे तीर्थ हिरवळीत सोडले. वेणूच्या दूर्वा देवाच्या मस्तकी, आणि देवाचे तीर्थ वेणूच्या दूर्वांच्या मुळी. पहिल्या मंगळवारी चरातून दुधाळ पाणी वाहू लागले तेव्हा तो हात जोडून उभा राहिला आणि रडला. एवढे बरे त्याला कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

आता तीर्थ पायदळी येता कामा नये, म्हणून त्याने बांबूचे कुंपण घातले. माणसाचा पाय नको, शेळीचे तोंड नको, विळा तर नकोच. जुडीसाठी तो कुंपणाबाहेरून वाकून चार शेंडे खुडी, तेवढेच. वर्षभरात हिरवळ गादीसारखी जाड झाली, आणि तिच्या खाली वाळक्या काड्यांचा बोटभर थर साचला. वरून पाहणारा म्हणे, वा, काय हिरवळ आहे. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मंगळवारी आणि चतुर्थीला गोड तीर्थ. एकही डोस चुकत नव्हता.

कार्तिकातल्या एका सकाळी त्याला पात्यांवर पांढरे जाळे दिसले. कोळ्याचे असेल म्हणून त्याने बोटाने काढले, तर ते पिंजलेल्या कापसासारखे बोटाला चिकटले. दुपारी ते नाहीसे झाले. पंधरा दिवसांनी तिथे थाळीएवढे तपकिरी वर्तुळ पडले. मग दुसरे, मग तिसरे. मग वर्तुळे एकमेकांना जाऊन मिळाली. त्याने चार काड्या धरून ओढल्या, तर त्या विरोध न करता हातात आल्या. बुडाशी काळ्या, बुळबुळीत, आणि वास आंबलेल्या ताकाचा. महिन्याभरात वर्तुळांच्या कडेने कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या, आणि त्रिंबक कंपाउंडर घाबरला.

आपल्याकडे रोग्याला आणि झाडाला सल्ला देणाऱ्यांची टंचाई कधी पडलेली नाही. एकाने राख टाकायला सांगितली, एकाने हळद, एकाने आंबट ताक. त्याने तिन्ही टाकले, तिन्ही वेळेवर. मग मोरचूद आणून पाण्यात विरघळवून शिंपडला. मोरचुदाने आठ दिवस आशा दाखवली. वर्तुळे होती तिथे थांबली. नवव्या दिवशी मंगळवार होता, अकरा अभिषेक झाले, आणि सगळे तीर्थ नेहमीप्रमाणे चरातून हिरवळीत आले. तालुक्याचा एक बी-बियाण्यांचा व्यापारी दर चतुर्थीला दर्शनाला येई. त्याने बुरशीवरच्या औषधाची पुडी आणून दिली आणि बजावले, “पंधरा दिवसांनी पुन्हा मारा, आणि पाणी तोडा.” त्रिंबकाने ह्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला. गवत पिवळे पडते आहे म्हणजे ते तहानले आहे, असे त्याला वाटत होते, म्हणून त्याने पाणी उलट वाढवले.

खालच्या वाडीतला एक शेतकरी कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आमच्या रानातली हरळी काढता काढता आमचा बाप गेला. नांगरा, खणा, जाळा, पुन्हा हायेच. अन् तुम्ही ती मारून दाखवलीत. कमाल हाय बुवा तुमची.”

तो थट्टेने बोलला होता. त्रिंबक त्या दिवशी जेवला नाही.

गुरुजी रोज दिवेलागणीच्या आधी येत, कुंपणातून हात घालून मातीत बोट रोवत, बोटाचा वास घेत आणि बोट पुसून जात. मार्गशीर्षात एके दिवशी ते थांबले.

“त्रिंबका, थोडे दिवस तिला एकटी सोड. पाणी बंद कर. तीर्थ पूर्वीसारखं कातळावर जाऊ दे.”

“आजारी माणसाला कुणी एकटं सोडतं का, गुरुजी? आणि तीर्थानं कुणाचं वाईट झालेलं ऐकलंय तुम्ही?”

ह्या प्रश्नाला उत्तर होते. पण ते भाविक माणसाला कानाने ऐकू जात नाही. गुरुजी बोट पुसून निघाले. त्रिंबकाने दोन दिवस कसाबसा धीर धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तांब्या घेऊन गेला. फक्त एक तांब्या, असे मनाशी म्हणत. चौथ्या दिवशी पुन्हा घागर.

फाल्गुन उजाडेपर्यंत त्या सगळ्या हिरवळीतून मधोमध चटईएवढा एक तुकडा उरला. भोवती तपकिरी चिखल आणि त्यातून वर आलेल्या कुजक्या काड्या. त्या तुकड्याला ऊन लागू नये म्हणून त्रिंबकाने त्यावर चार काठ्या रोवून ओले गोणपाट ताणले. त्याची झोप उडाली होती, चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला होता. देवळात आरती चाललेली असे आणि हा तिथे उकिडवा बसून त्या तुकड्याशी बोलत असे. “एवढं तरी राहा,” तो म्हणे. “एवढं तरी राहा.” तो नवस बोलला, उपास धरले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुखण्यांना खुणा पाडून दिल्या, त्याला आपल्या दुखण्याला कुठली खूण पाडावी ते कळेना.

एक दिवस तो तालुक्याच्या गावी नवे औषध आणायला गेला. दुपारच्या एस.टी.ने परतला, बाटली पिशवीत, टेकडी चढून वर आला, आणि त्याने पाहिले ते असे.

कुंपण काढून भिंतीला लावून ठेवले होते. चर बुजवला होता, आणि गोमुखाचे पाणी पुन्हा कातळावर पडत होते. दोन मजुरांनी सगळी पट्टी हातभर खोल खणून ढेकळे उलथी केली होती, मुळे वर, पाती खाली. गोणपाट बाजूला पडले होते. आणि मधल्या हिरव्या तुकड्यावर ऐंशी ओलांडलेले गुरुजी स्वतः कुदळ चालवत होते. एक घाव, मग दम, मग दुसरा घाव. शेवटचे ढेकूळ उलथून त्यांनी ते उन्हात टाकले आणि कपाळ पुसले. दर्शनाला आलेली माणसे लांब उभी होती. “देवाचं तीर्थ कातळावर, आणि देवाच्या दूर्वा उन्हात,” त्यांतला एक पुटपुटला. “म्हातारचळ लागला, दुसरं काय.”

त्रिंबक ओरडला नाही. तो ढेकळांमधून चालत गेला, खाली बसला आणि हातांनी माती चाळू लागला. वीतभर लांबीचा एक कोंब त्याला सापडला, दोन पेरांचा, हिरवा. तो त्याने कोणाला न दिसेल असा मुठीत घेतला, खोलीत नेऊन एका पत्र्याच्या डब्यात ओल्या कापसावर ठेवला आणि डबा ट्रंकेमागे सरकवला. मग तो गुरुजींकडे गेला. ते ओट्यावर बसून धापा टाकत होते.

“वेणूला एकदा मी अग्नी दिला,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा तुम्ही दिलात. मला तेवढं एकच उरलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं,” गुरुजी म्हणाले. त्यांच्याजवळ एक ढेकूळ बाजूला ठेवलेले होते, वर हिरवी पाती असलेले. ते त्यांनी पुढे केले. “हे शेवटच्या तुकड्यातलं आहे. फोड.”

त्रिंबकाने ते दोन्ही हातांनी फोडले. आत पांढऱ्या धाग्यांचे जाळे होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू त्या जाळ्यानेच ती माती शिवून धरली होती. मुळे होती, पण नखभर. त्याखाली काही नव्हते. तोच आंबूस वास आला.

“ही बुरशी कुणी बाहेरून आणली नाही, त्रिंबका,” गुरुजी म्हणाले. “ती सगळ्याच मातीत असते. मोकळ्या मातीत ती आपली पाला कुजवत पडून असते, कुणाच्या वाटेला जात नाही. तिला जोर यायला ओल लागते, सावली लागते, गोड लागतं आणि कोंडलेली हवा लागते. तू ते सगळं दिलंस, वेळच्या वेळी. मुळांकडे बघ. पाणी रोज तोंडाशी येतं म्हटल्यावर ती खाली कशाला जातील? रानातली हरळी नांगराला दाद देत नाही, कारण पाण्यासाठी तिला स्वतः खाली जावं लागतं. आता ह्या मातीला चैत्र-वैशाखाचं ऊन हेच औषध. दोन महिने ती अशीच उलथी, कोरडी तापू द्यायची. त्यात बुरशी मरेल, आणि दूर्वाही मरतील. ती आता एकमेकांत इतकी गेली आहेत की वेगळी करता येत नाहीत. पुढे बांधावरून दुसऱ्या आणता येतील. पण त्या वेणूच्या नसतील. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी तू तांब्या घेऊन गेलास. तुझ्या आधी मी माती बघून आलो होतो, चांगली ओली होती. हिरवळ तहानलेली नव्हती. तहान तुझी होती.”

त्रिंबक ओट्याच्या पायरीवर बसला. हातातली माती तो बोटांनी कुसकरत राहिला. आणि मग जे बोलला, ते त्याने कोणाला सांगितले नव्हते.

“शेवटच्या महिन्यात डॉक्टरच मला म्हणाले होते, त्रिंबक, आता औषधं पुरेत, तिच्याजवळ बस. मी नाही ऐकलं. मी दर दोन तासांनी तिला उठवायचो. औषध, पेज, मोसंब्याचा रस, पुन्हा औषध. तिला गिळवत नव्हतं. एक दिवस दुपारी तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, अहो, तो चमचा ठेवा ना खाली, जरा बसा नुसते. मी म्हटलं, हा एवढा डोस घे, मग बसतो.” हातातली माती त्याने पायरीवर ठेवली. “त्यानंतर पुढच्या डोसाची वेळ झाली. मग त्याच्या पुढच्या. मी उभाच होतो, गुरुजी. महिनाभर मी तिच्याजवळ उभा होतो.”

इथे गुरुजींनी सांत्वन करायला हवे होते. गोष्टींतले गुरू करतात. डोक्यावर हात ठेवतात, आत्मा अमर आहे म्हणतात. हे गुरुजी म्हातारे असले तरी खोटे बोलत नसत.

“हो,” ते म्हणाले. “तसंच झालं.” आणि थोड्या वेळाने, “मातीला ऊन देता येतं. गेलेल्या महिन्याला देता येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्रिंबकाला नवे काम दिले. ज्या वेळी तो पाणी घालत असे, त्याच वेळी सकाळ-संध्याकाळ त्या उघड्या मातीच्या कडेला बसायचे. हातात तांब्या नको, घागर नको, खुरपे नको. खडेही वेचायचे नाहीत. लोकांना हे काम फारच सोपे वाटले. समया घासणारा तर म्हणाला की असे काम आपल्यालाही मिळावे.

ते सोपे नव्हते. पहिले काही दिवस त्रिंबकाचे हात आपोआप मातीकडे जात आणि तो ते मांडीखाली दाबून धरी. समोर बघण्यासारखे काही नव्हते. माती आधी काळी होती, मग करडी झाली, मग तिला भेगा पडल्या. त्याला वाटले होते, रडू येईल आणि मोकळे वाटेल. रडू येत नव्हते. एकच विचार येई, की ह्या हिरवळीला दुसऱ्या कोणी मारले नाही, मी मारले. आणि त्या विचाराच्या मागोमाग दुसरा येई, तो त्याहून वाईट होता. आपण वेणूला औषधाने मारले नाही, हे त्याला कळत होते; मरण तिचे ठरलेलेच होते. पण शेवटचा जो एक महिना तिचा होता, तो आपण चमच्याचमच्याने संपवला.  पश्चात्ताप करायलासुद्धा समोर कोणीतरी लागते. त्याच्यासमोर भेगाळलेली माती होती.

आणि एक गोष्ट गुरुजींना ठाऊक नव्हती, किंवा असेलही. ट्रंकेमागचा डबा. बसून आला की त्रिंबक दार लावून घेई आणि डबा काढी. कापूस ओला करी; सकाळ, दुपार, संध्याकाळ. चौथ्या दिवशी त्या कोंबाला एक नवे पाते फुटले. चोराला व्हावा तसा आनंद त्याला झाला. जगात अजून काहीतरी वेणूचे जिवंत होते, आणि ते फक्त त्याला माहीत होते. दिवसभर त्या मातीकडे बघवत नसे, पण डब्याच्या आधाराने तो दिवस काढी.

दहाव्या दिवशी दुपारी त्याने झाकण काढले तेव्हा पेराभोवती पांढरे धागे होते.

काय करायचे ते त्याला पाठ होते. कोंब धुवायचा, कुजका भाग कातरायचा, मोरचुदाचे पाणी करायचे, अगदी फिके. त्याने कात्री काढली, बाटली काढली. हाताच्या सवयीने कागदाची पट्टीसुद्धा कातरली आणि बाटलीला चिकटवली, तीन खुणांची. मग चमच्यात ते निळसर पाणी घेऊन तो कोंबावर वाकला.

“हा एवढा डोस घे,” तो म्हणाला, “मग...”

स्वतःचा आवाज त्याने ऐकला. खोलीत दुसरे कोणी नव्हते. चमचा तसाच हातात धरून तो काही वेळ उभा राहिला. तो उभा होता, हेही त्याच्या लक्षात आले.

त्याने चमचा ट्रंकेवर ठेवला. डबा उचलला, बाहेर आला आणि त्या उलथ्या, तापलेल्या मातीत जाऊन मधोमध थांबला. चैत्रातली दुपार होती. भिंतीची सावली आखडून पायाशी गेली होती, आणि पट्टीवर सगळीकडे ऊन होते. त्याने कोंब कापसावरून अलगद सोडवला आणि ढेकळावर ठेवला. आणि तिथेच, त्याच्या शेजारी, मांडी घालून बसला.

नवे पाते आधी मिटले. मग त्याचा शेंडा वळला. त्रिंबकाला वाटले, नुसता हात आडवा धरला तरी सावली होईल, चार बोटांची. त्याने हात मांडीवर ठेवले. कोंब एकदा हलला, म्हणजे वाऱ्याने हलला. पण त्याचे काळीज तुटले. ‘बसलोय,’ तो म्हणाला, अगदी हळू. ‘बसलोय मी.’ मग त्याला रडू आले. मोकळे वगैरे काही वाटले नाही, उलट जे इतकी वर्षे बोथट होते ते धारदार झाले. पण तो उठला नाही. देवळात घंटा वाजल्या, माणसे आली आणि गेली. कोणीतरी लांबून हाक मारली, तिकडे त्याने पाहिले नाही. ऊन कलेपर्यंत हिरवा रंग पिवळा झाला, पिवळ्याचा गवती झाला, आणि मग हातात धरला असता तर मोडला असता असा तो कोंब वाळून गेला.

दिवेलागणीच्या आधी गुरुजी नेहमीप्रमाणे आले. त्यांनी ढेकळावरची काडी पाहिली, शेजारी पडलेला रिकामा डबा पाहिला.  गुडघ्यांवर हात रेटत ते मोठ्या कष्टाने त्याच्या शेजारी मातीत बसले.

बऱ्याच वेळाने त्रिंबक म्हणाला, “वेणू गेली.”

तेरावा झाला होता, वर्षश्राद्धे झाली होती. पण हे दोन शब्द त्याच्या तोंडून त्या संध्याकाळी पहिल्यांदा निघाले.

“हो,” गुरुजी म्हणाले.

आरतीची वेळ झाली तरी दोघांपैकी कोणी उठले नाही.

आपल्या घरी कोणी अंथरुणावर असेल, तर औषध वेळच्या वेळी द्यावेच. पण ते देऊन झाल्यावर चमचा खाली ठेवून थोडा वेळ नुसते बसावे.